वालाची फुलं आणि वेदीचं मेण

आमच्या परसात वालाचा मांडव होता. बाभळीच्या आणि पांगाऱ्याच्या दहा-बारा जुन्या मेढी, वर आडव्या टाकलेल्या तुराट्या, आणि त्या सगळ्यावर आईची सत्ता. शेवगावच्या पूर्वेला आमचं गाव. तिकडे पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे हिरवी भाजी म्हणजे अप्रूप. शाळेच्या विहिरीवर बायका धुणं धुवायच्या, ते वाहून जाणारं पाणी आईनं दगडांची पन्हळ करून परसात वळवलं होतं. त्या पाण्यावर वाल, भोपळा, दोडका आणि दोन-चार वांगी यायची. वालाचं बी तिनं लग्नात माहेराहून पदराच्या गाठीत आणलेलं. शेंगेची कड जांभळी, चव किंचित कडवट. तशा शेंगा आसपासच्या गावांत कुणाकडे नव्हत्या आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

मी गावच्या मिशन शाळेत मास्तर होतो. मिशनच्या शाळेतला मास्तर म्हणजे नुसता बाराखडी शिकवणारा नव्हे. रविवारी प्रार्थना सांगायची, पोरांकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची, कुणी आजारी पडलं तर फादरांना निरोप धाडायचा, आणि लोक चुकले की त्यांना रागवायचं. हे शेवटचं काम मला फार चांगलं जमायचं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय. तो समज उतरवायला दोन वर्षं लागली आणि वालाची फुलं लागली. तेच सांगायला बसलो आहे.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळेना, काडेपेटी मिळेना, कापड चिठ्ठीवर. आमच्या देवळात आणखी एक अडचण आली. वेदीवर ज्या मेणबत्त्या लावायच्या त्या मधमाशीच्या मेणाच्याच हव्यात असा आमच्या धर्माचा दंडक. बाजारची पांढरी मेणबत्ती चालत नाही. त्या मेणबत्त्या बोटीनं बाहेरून येत. बोटी बंद झाल्या. एका रविवारी मिस्सा, म्हणजे वेदीपुढची उपासना, संपल्यावर फादर मला म्हणाले, "मास्तर, नाताळला वेदीवर अंधार राहणार. माझ्याजवळ फक्त चार तुकडे उरले आहेत." फादर परदेशी होते. त्यांचं मराठी पुस्तकी पण स्वच्छ होतं.

मी म्हणालो, "फादर, मेण मी आणतो."

हे मी फुशारकीनंच म्हणालो. माझे वडील मोहोळ काढण्यात वाकबगार होते. मी लहानपणी त्यांच्यामागे हिंडलो होतो. आग्या मोहोळ कुठल्या झाडावर बसतं, झुडपातलं लहान पोळं कसं शोधायचं, सगळं मला ठाऊक होतं. वडिलांची रीत अशी, की ओल्या लिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, माश्या बाजूला सरकल्या की मधाचा भाग कापायचा, आणि पिलांचा भाग तसाच लटकत ठेवायचा. "समदं घेतलं तर पुढच्या सालाला काय घेशील?" असं ते म्हणत. पण मध काढणं वेगळं आणि मेण काढणं वेगळं. मेण हवं तर पोळं अख्खं लागतं. एक भलं मोठं पोळं उकळावं तेव्हा वाटीभर मेण हाती येतं. मी धुराच्या नादी लागलो नाही. लांब काठीला वाळल्या गवताची चूड बांधायची, दिवस बुडता बुडता पेटवायची आणि पोळ्याखालून फिरवायची, एवढंच करत होतो. पंख जळालेल्या माश्या खाली पडत. त्यांचा आवाज तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा यायचा. मी चार पावलं मागे सरून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, देवाच्या कामासाठी आहे.

त्या फाल्गुन-चैत्रात मी ओढ्याकाठची उंबरं झाडून काढली. शिवेवरचा मोठा वड, पडक्या कुंपणांतली करवंदाची जाळी, खळ्याजवळचं चिंचेचं झाड, एकही सोडलं नाही. पुढं लोकच सांगायला येऊ लागले, "मास्तर, आमच्या बांधाला एक बसलंय, देवाला घ्या." त्यांना वाटायचं आपल्याकडून वेदीला काहीतरी पोचलं. माझी ऐट वाढत गेली.

मेण उकळायला जळण लागे. मोठं पातेलं, त्यात पाणी, त्यात पोळ्याचे तुकडे. उकळलं की फडक्यातून पिळायचं आणि रात्रभर निवू द्यायचं. सकाळी पाण्यावर मेणाची पिवळी भाकरी धरलेली असायची. जळणाची तर गावात मारामार. तेव्हा मी परसातल्या मांडवाच्या जुन्या मेढी काढल्या. पांगाऱ्याच्या त्या मेढी वाळून पोकळ झालेल्या, ठिकठिकाणी बोटाएवढी भोकं पडलेली. भोकांतून काळे भुंगे आत-बाहेर करायचे. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की त्या. त्यांचं घर हाय त्यात." मी म्हणालो, "आये, किडलेलं लाकूड हाय ते. मांडव अंगावर पडंल एक दिवस." तिला नव्या बाभळीच्या मेढी रोवून दिल्या आणि जुन्या चुलीत घातल्या. लाकूड पेटलं तेव्हा आतून घूं असा आवाज आला, थोडा वेळ, आणि थांबला. माझी बायको चुलीपुढून उठून बाहेर गेली.

नाताळला वेदीवर सहा मेणबत्त्या जळल्या, माझ्या हातच्या. सुताच्या वाती मेणात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून केलेल्या. वळणाला जरा वाकड्या होत्या, पण देऊळभर मधाचा वास पसरला. फादरांचे डोळे भरून आले. मिस्साच्या मध्यावर कुठूनशा तीन-चार मधमाश्या आल्या आणि मेणबत्त्यांभोवती फिरू लागल्या. थंडीच्या दिवसांत, भल्या सकाळी. त्यातली एक ज्योतीत पडली. बाया एकमेकींना हळूच म्हणाल्या, "बघा, मुके जीव बी देवाच्या पाया पडाया आले." मलाही त्या वेळी तसंच वाटलं. आपल्या जळालेल्या घराच्या वासावर त्या आल्या होत्या, हे मला कळायला आणखी वर्ष जायचं होतं.

त्या साली वालाला शेंगा कमी लागल्या होत्या. आई म्हणाली, हवा बरोबर नव्हती. दोडके बोटाएवढे होऊन पिवळे पडले, भोपळा एकच धरला. सगळ्यांनी हवेला दोष दिला आणि विषय संपला. पुढच्या चैत्रात मी पुन्हा चूड घेऊन निघालो. या वेळी दोन कोस लांब जावं लागलं, कारण जवळ काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या साली पाऊस चांगला झाला. वाल असा माजला की मांडव दिसेना. कार्तिकात फुलांचे तुरे आले, जांभळे, हातभर लांब. आई रोज सकाळी जाऊन मांडवाखाली उभी राहायची. आठ दिवस झाले, पंधरा झाले, शेंग दिसेना. मग एके सकाळी तिनं मला बोलावलं. आवाज बारीक केला होता, घरात कुणी झोपलं असावं तसा.

"हे बघ. ही फुलं सुकत न्हाईत."

मी पाहिलं. वालाचं फूल दोन-तीन दिवसांत कोमेजतं, पाकळी गळते आणि मागून शेंगेचं टोक डोकावतं. ही फुलं पाचव्या-सहाव्या दिवशीही तशीच उमललेली होती. ताजी, टवटवीत, तोंड उघडून. मग एका दिवशी देठासकट खाली गळत. गळतानाही फूल जसंच्या तसं. मांडवाखाली जांभळा सडा पडला होता आणि त्यातलं एकही फूल सुकलेलं नव्हतं.

"कशाची वाट बघत्यात ही?" आई म्हणाली.

मी हसून काहीतरी बोललो. पण परत फिरताना माझ्या लक्षात आलं की परसात कसलाच आवाज नाही. सकाळची आठाची वेळ, ऊन पडलेलं, एवढी फुलं, आणि तिथं आपलीच चप्पल वाजलेली ऐकू येत होती. एक पान तुटून दुसऱ्या पानावर पडलं तर तेही ऐकू आलं. मी पाय उचलून झपाझप घरात आलो. भर दिवसा स्वतःच्या परसाला भ्यालो, हे बायकोला सांगितलं नाही.

नंतर नंतर बायकोही तिकडे जायला टाळू लागली. खरकटं पाणी टाकायला पलीकडच्या बाजूनं वळसा घालायची. म्हणाली, "तिथं गेलं की वाटतं, आपुन यायच्या आधी कोनीतरी बोलत हुतं आन् गप बसलं."

आईचं मात्र उलट झालं. ती दिवसचे दिवस मांडवाखाली बसायला लागली. जेवण कमी झालं. खोकला जुनाच होता, तो वाढला. आणि एका रविवारी, सगळ्या बाया प्रसाद घ्यायला उठल्या तेव्हा आई जागची उठली नाही. पुढच्या रविवारी पण नाही. मास्तरची आई प्रसाद घेत नाही, ही गोष्ट गावात लपणारी नव्हती. मी घरी आल्यावर तापलो. माझी नाचक्की झाली ना! "काय झालं तुला? काय मनात आहे ते सांग," असं मी तिला दरडावून विचारलं. स्वतःच्या आईला, वर्गातल्या पोराला विचारावं तसं. आज त्याची लाज वाटते.

तिनं मला मांडवाखाली नेलं आणि तिथं सांगितलं.

मी दीड वर्षाचा असताना मला ताप भरला. तीन दिवस डोळे उघडले नाहीत. वडील फादरांना आणायला गेलेले, ओढ्याला पूर, ते पलीकडे अडकले. तेव्हा आई मला कडेवर आणि पदराखाली दिवा घेऊन ओढ्याकाठच्या शेंदऱ्या दगडापाशी गेली. आमचं घर बाटल्यापासून त्या दगडाकडे कुणी मान वळवून पाहत नव्हतं. तिनं तिथं दिवा लावला, नारळ फोडला, आणि माझं डोकं त्या दगडाला टेकवलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. फादरांपुढे पापनिवेदनाला इतकी वर्षं गेली, पण एवढं सोडून बाकीचं सांगत राहिली.

"ह्यो येल फळायचा न्हाई," ती म्हणाली. "देवानं माझ्याच हातचं बंद केलंय. मी त्याच्याम्होरं लपवलं, त्यानं माझ्याम्होरं शेंग लपवली."

"मग आता सांग फादरांना. पाच मिंटाचं काम."

"आन् तुझी मास्तरकी? ज्याचं डोस्कं दगडाला टेकवलं, त्यो पोरांना धर्म शिकवतुय म्हनतील."

"फादर कुणाला सांगत नाहीत, आये. तसा नियमच आहे."

"त्यांना तर कळंल का न्हाई?" ती म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "मी मेले की मला कबरस्थानात पुरू नगा. वड्याकाठी पुरा. तिथं माझी जागा हाय."

मी खूप समजावलं. दटावलं, देवाच्या दयेचे दाखले दिले, सगळी मास्तरकी पणाला लावली. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. साठीला टेकलेली बाई, अंगात ताकद नाही, खोकल्यानं रात्र रात्र बसून काढणारी. येत्या थंडीत ती जाईल असं मला उघड दिसत होतं. आणि जाताना ती हे मनात घेऊन जाईल, ओढ्याकाठच्या खड्ड्याचा विचार करत जाईल, याची मला भीती वाटू लागली. तिला शेंगा दिसल्या पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मग मी एक मूर्खपणा केला. शेवगावच्या बाजारातून पायलीभर वालाच्या शेंगा आणल्या. अंधार पडायच्या आत मांडवाखालच्या तिच्या टोपलीत ओतल्या आणि वर थोडी पानं टाकली. आत येऊन म्हणालो, "आये, मागच्या बाजूला लागल्यात गं, तुला दिसल्या नव्हत्या." ती धडपडत उठून गेली. एक शेंग उचलली, कडेवरून बोट फिरवलं. त्या सगळ्या हिरव्या होत्या. तिच्या शेंगांची कड जांभळी असते हे मी, तिच्या हातचं पंचवीस वर्षं खाल्लेला माणूस, विसरलो होतो. शेंगा निवडल्या, भाजी केली, मला वाढली, आणि स्वतः मीठ-भाकरी खाल्ली.

खरं कारण मला कसं कळलं ते सांगतो. शाळेला सुट्टी होती. मी पाटी-पेन्सिल घेऊन सकाळपासून मांडवासमोर बसलो. कुठली कीड फुलाला लागते ते पाहायचं, म्हणजे राख मारता येईल, असा विचार. फुलावर जो जीव बसेल त्याची पाटीवर रेघ ओढायची असं ठरवलं. उन्हं चढली. शाळेची घंटा बांधलेल्या लिंबाची सावली माझ्या पायावरून सरकून पलीकडे गेली. समोर हजारभर फुलं. दुपारी उठलो तेव्हा पाटी कोरी होती. एक मुंगीसुद्धा नाही.

त्या कोऱ्या पाटीकडे पाहताना मला एकदम चुलीतला तो घूं आवाज आठवला. उंबराखाली पडलेल्या माश्या आठवल्या. मी तिथंच खाली बसलो. हे सगळं मी केलं होतं. देवानं नाही, ओढ्याच्या दगडानं नाही, हवेनं नाही. गावातल्या एकूण एक परसात तेच चाललं असणार. मला आठवू लागलं, कुणाच्या काकड्या वाकड्या येत होत्या, कुणाचा भोपळा धरला नव्हता, आणि तीच माणसं मला हौसेनं पोळी दाखवत होती.

एवढं कळूनही मी आठ दिवस गप्प राहिलो. आईला सांगायचं म्हणजे वेदीवरच्या मेणबत्त्यांना दोष द्यायचा. त्या मेणबत्त्यांवर माझी गावातली पत वाढलेली, फादरांनी दुसऱ्या गावांना माझं उदाहरण दिलेलं. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. आई मात्र खंगत चालली होती. शेवटी नाताळच्या आधी एका दुपारी तिच्या अंथरुणाशी बसलो आणि सगळं सांगितलं. मोहोळं, चूड, पांगाऱ्याच्या मेढी, भुंगे, पाटी. "पाप तुझं नाही, माझं आहे. फुलाला माशी लागते, ती मी जाळली," असं स्वच्छ शब्दांत सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

"बाजारातनं शेंगा आनल्यास," ती म्हणाली. "आता माझं पाप बी तुझ्या पिशवीत घालून नेतुस व्हय? लई चांगला हाईस तू."

मी शपथ घेतली. ती हसली आणि कुशीवर वळली.

एकदा खोटं बोललो, ते तिला सुख व्हावं म्हणून. त्यामुळे आता माझं खरंही तिला त्याच जातीचं वाटत होतं. माझा असा संताप झाला! कुणावर काढणार? परसात गेलो आणि एक तुरा मुठीत धरून ओरबाडणार तेवढ्यात अंगठ्याखाली एक फूल दाबलं गेलं. खालची पाकळी उघडली आणि आतून बारीकसा आकडा वर आला, टोकाला पिवळी भुकटी घेऊन. भुंगा बसला की त्याच्या वजनानं हेच होत असणार. मी दुसरं फूल दाबलं, तिसरं दाबलं. एका फुलाची भुकटी बोटावर घेऊन दुसऱ्याला लावली. मग रोज पहाटे उठून शाळेच्या आधी मी हेच करू लागलो. मांडवाच्या एका कोपऱ्यातली फुलं तेवढी. बायको एकदा पाहायला आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, आता पोरांच्या जागी फुलांचे कान पिळाया लागला का?" पण दुसऱ्या दिवशी तीही उभी राहिली माझ्या बाजूला. दोघं न बोलता काम करायचो. त्या परसात मोठ्यानं बोलवत नव्हतंच.

आठव्या दिवशी एका फुलाची पाकळी सुकली. ती सुकलेली पाकळी पाहून मला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. मागून हिरवं टोक आलं. मग दुसरं, मग घोसच्या घोस. फक्त त्याच कोपऱ्यात. बाकीचा मांडव तसाच, फुलांनी भरलेला आणि मुका. मी मनाशी म्हटलं, आता पुरावा मिळाला. हे पाहिल्यावर तिला माझं पटेलच.

जानेवारीच्या मध्यावर तिला उचलून परसात आणलं. शेंगा तिच्या हातात दिल्या. तिनं कडेवरून बोट फिरवलं. कड जांभळी होती. "आये, बघ," मी म्हणालो, "जिथं मी हातानं फुलं दाबली तिथंच लागल्यात. बाकी मांडवाला एक न्हाई."

ती ऐकतच नव्हती. शेंगा तिनं कपाळाला लावल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माफ केलं," ती म्हणाली. "त्यानं मला माफ केलं रं. कोपऱ्यात का हुईना, पर दिलं."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली. चार दिवसांत भिंत धरून चालू लागली. भेटेल त्या बाईला शेंगा दाखवायची. म्हणायची, काय झालं ते सांगनार न्हाई, पर देव दयाळू हाय.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्यात मेणबत्त्यांचा सण असतो. घरोघरच्या मेणबत्त्या त्या दिवशी वेदीपुढे आशीर्वादाला ठेवतात. त्याच्या आदल्या आठवड्यात आई म्हणाली, "मी त्या दिशी परसाद घेनार. माझ्या नावानं एक मेनबत्ती कर. आखूड नगं, हातभर. तुझ्या हातची, खऱ्या मेनाची."

घरात मेण नव्हतं. देवळातले उरलेले तुकडे फादरांनी दुसऱ्या गावी पाठवून दिले होते. आणि मला एक गोष्ट माहीत होती जी मी कुणाला सांगितली नव्हती. त्या थंडीत शाळेच्या विहिरीच्या एका कपारीत माश्यांचं लहानसं बिऱ्हाड उतरलं होतं. कुठून आलं देव जाणे. मी रोज सकाळी घंटेच्या आधी विहिरीत वाकून पाहायचो. आत-बाहेर करणाऱ्या पाच-पंचवीस माश्या दिसल्या की दिवस बरा जायचा. पुढच्या साली त्या परसापर्यंत येतील असं मी बायकोजवळही बोललो नव्हतो.

मी आईला म्हणालो, "बाजारची आणू का पांढरी?"

"बाजारचं नगं. बाजारचं पुरं झालं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली.

तिला पुन्हा सगळं सांगून पाहावं असं मनात आलं. पण ते पटलं असतं तर तिची माफी गेली असती, आणि नाही पटलं तर मेणबत्ती करावीच लागली असती. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर कमरेला दोर बांधून विहिरीत उतरलो. या वेळी चूड नाही नेली. लिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला, वडिलांच्या रीतीनं. अर्धं पोळं कापलं, अर्धं ठेवलं. तीन माश्या डसल्या, त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाकून पाहिलं तर कपार रिकामी होती. पाण्यावर काही माश्या तरंगत होत्या. बाकीच्या उठून गेल्या होत्या. आधीची सगळी पोळी मी अजाणता जाळली होती. हे एकच जाणूनबुजून घेतलं.

मेण थोडंसंच निघालं, म्हणून मेणबत्ती बारीक झाली, पण हातभर झाली. सणाच्या दिवशी ती वेदीपुढे जळत होती. आई बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. अपराधांची कबुली द्यायची प्रार्थना मास्तरनं मोठ्यानं म्हणायची आणि लोकांनी मागून, अशी आमच्याकडची रीत. मी पुढे उभा राहिलो. छातीवर मूठ ठेवली आणि "माझा अपराध" एवढे दोन शब्द म्हणालो. पुढचे शब्द येईनात. देऊळ थांबलं. लोकांना वाटलं, आई आजारातून उठली म्हणून मास्तरांचा गळा भरून आला. आई पहिल्या रांगेतून माझ्याकडे पाहत होती. तिलाही तसंच वाटलं. मग तीच पुढे झाली आणि माझी राहिलेली प्रार्थना तिनं खणखणीत आवाजात पुरी केली.